टिकलीखालचा दिवा

नगराळे सिस्टरनं त्या दिव्यावर टिकली चिकटवली होती.
मरून, मोठी, कपाळाला लावायची तीच.
"दिसला का जीव घाबरते," म्हणाल्या,
"अन् रातच्या डिलिव्हरीले निघाल्यावर
घाबरून कसं जमन?"

मी ती नखानं उचलली.
खाली पिवळा गोल, गोलात तीन अक्षरं,
टक्क जागी.

नागपूरच्या शोरूमनं सेन्सर बदलला. आठ हजार दोनशे.
पंधरा दिवस बरं. मग गिरडच्या वळणावर परत.
हिंगणघाटचा एक म्हणाला, बल्बच काढून टाकू,
शंभर द्या.
त्या दिवसापासून टिकली.

ब्रेक लागतो, हे मी आधीच सांगून टाकतो सगळ्यांना.
दिवा लागला म्हणजे ब्रेक गेला असं नाही,
ब्रेक पूर्वीसारखा अडाणी झाला, एवढंच.
पाय दाबला की चाकाला मिठी मारून बसतो,
आणि मिठीतलं चाक घसरत जातं
समोर रोही असो की नसो.
"होता ना," सिस्टर म्हणाल्या. "दोन होते."

फ्यूज शाबूत. बॅटरी साडेबारा.
अर्थिंगचा बोल्ट घासून चकचकीत केला,
गरज नव्हती, पण हाताला काही तरी लागतं.
स्कॅनरनं सगळ्यांना सांगितलं तेच मला सांगितलं,
मागचं डावं.
स्कॅनर गाव सांगतो, घर सांगत नाही.

दौलत कुमरे दिवाळीपासून माझ्याकडं शिकतो.
त्यानं चाक उतरवलं, दात्यांच्या कडीवरचा
काळ्या मातीचा वाळून दगड झालेला गारा
दात घासायच्या ब्रशनं काढला,
एकेक दात मोजला. अठ्ठेचाळीस.
सेन्सरला मीटर लावला, अकराशे ओहम.
पेटीपासून चाकापर्यंत अख्खी तार, तरी अकराशे.
इतक्या चांगल्या वागणुकीचा
मला राग येतो.

मग तो पाठीवर निजून खाली सरकला,
तार चिमटीत धरून बोटबोटभर वाकवत निघाला.
मी वर, मीटरकडं डोळे.
अकराशे.
अकराशे.
शेजारच्या जिनिंगचा भोंगा झाला, कुणी हललं नाही.
अकराशे.
आणि आकडाच गेला. पडद्यावर नुसतं ओ-एल,
म्हणजे पुढं वाट नाही.
"थांब."
परत अकराशे.
"एक बोट मागं ये."
ओ-एल.

बाहेरून रबर अख्खं. उंदराचा दात नाही, ओरखडा नाही.
चिरलं, तर आत तांबं हिरवं पडून तुटलेलं,
दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून.
सपाट रस्त्याला टेकलेली,
खड्ड्यात वेगळी.

"म्हणजे इतके दिवस जुळून होतं का नव्हतं?"
"बहुतेक वेळ होतं."
"बहुतेक वेळ," सिस्टर म्हणाल्या,
आणि हे शब्द त्या कुणाला, कुठल्या बाकड्यावर बसवून सांगत असतील
ते माझ्या ध्यानात आलं.

सडका तुकडा कापला. नवा जोडला, डाग दिला,
वर नळी चढवून तापवली, ती आखडून घट्ट बसली.
आणि दौलतला दाखवलं, इथं बोटभर ढील सोड.
तार तंग ओढली की देखणी दिसते,
तीच आधी तुटते.

कालव्याच्या मुरमाड रस्त्यावर त्यांनाच चालवायला दिली.
चाळीसवर म्हटलं, आता दाबा, पूर्ण, सोडू नका.
गाडी थरथरत सरळ रेषेत उभी राहिली.
त्यांचा पाय अजून पेडलवरच.
"हे खाली काय धडधडलं?"
धरतो, सोडतो, धरतो, सोडतो, मी म्हटलं,
थांबायचं तर सोडावंही लागतं.
त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.
त्या मोजत होत्या.
"पोटातल्या लेकराचे एकशे चाळीस असतात मिनिटाले.
हे त्याच्याहून जास्त हाये."
"बरेच जास्त, बाई."
"मंग बरं हाये."

परत चावी फिरवली.
दिवा लागला, तीन सेकंद राहिला, विझला.
"पुन्हा लागला!"
लागायलाच पाहिजे, मी म्हटलं. सुरुवातीला लागला नाही
तर समजायचं, कुणी शंभर रुपये घेऊन गेलं.

टिकली माझ्या मीटरच्या कडेला चिकटून राहिली.
गोंद संपलाय, तरी पडत नाही.
दौलत विचारतो, काढू का.